पुणे–पुसद ४२०० रुपये, पुसद–पुणे ८०० : हा हिशोब कुणी समजावेल का?

पूसकाठी | सोमवार, रात्री ११:४२

जेवणं झाल्यावर दिवाळीचं तिकीट काढायला बसलो. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री वाकडहून पुसद, साधी स्लीपर, वरची बर्थ, मागून दुसरी : ४२०० रुपये. गंमत म्हणून त्याच रात्रीचं उलट्या दिशेचं तिकीट पाहिलं. ८००. ट्रॅव्हल्स तीच. जाऊन-येऊन चौघांचे तीस-बत्तीस हजार होतात. बायको म्हणाली, यंदा आई-बाबांनाच इकडे बोलावून घे. आईला फोन केला तर म्हणाली, "लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घराले कुलूप लावू काय?" विषय संपला.

मग झोप येईना. दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॅप ग्रुप उघडून कोण कुठे आहे ते मोजलं. ४२ पैकी १९ जण पुणे-पिंपरीत, ६ मुंबई-ठाण्यात, ४ नागपुरात, ५ बंगळुरू-हैदराबादला. पुसदात राहिलेले आठ. त्यातले तीन शिक्षक, दोघांची वडिलांची दुकानं, बाकीचे शेतीत.

आणि आमचा तालुका अगदी कोपऱ्यातला, अनाथ वगैरे नाही बरं का. वसंतराव नाईक आमचे, सुधाकरराव नाईक आमचे. एका तालुक्याचे दोन मुख्यमंत्री, त्यातले वसंतराव ११ वर्षांहून जास्त काळ. तरी पुसदला अजून रेल्वे नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्ग, २८४ किमी, २००८-०९ मध्ये मंजूर झाला. त्यातला वर्धा–कळंब तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. मंजुरी आली तेव्हा मी कॉलेजात होतो, आता कानाजवळचे केस पिकलेत.

तर दोन प्रश्न. एक, पुण्याहून पुसदला जायचा दुसरा काही मार्ग? दोन, हा जो "अनुशेष अनुशेष" लहानपणापासून ऐकतोय, म्हणजे मागास भागांचा विकासात राहून गेलेला वाटा, तो खरंच आहे, की आमचा बहाणा?

भातुकली | रात्री ११:५०

पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही. दुसऱ्यासाठी पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

मुठाकाठचा | मंगळवार, सकाळी ७:१५

झालं, दिवाळी आली की पुण्याला शिव्या घालायचा हंगाम सुरू. अहो, पुण्याने कुणाला आमंत्रणपत्रिका पाठवली होती? आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो, ऑफिसात पोचायला दीड तास लागतो, आणि वर "तुम्ही आमचं खाल्लं" हे ऐकून घ्यायचं.

खुर्चीचं म्हणाल तर कन्नमवार, दोन्ही नाईक आणि फडणवीस विदर्भाचे. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोकराव मराठवाड्याचे. वर्षं मोजा एकदा. एवढ्या वर्षांत तुमच्या माणसांनी तुमचं काम केलं नाही, तर त्याचं बिल आमच्या नावावर कशाला? (दिवा घ्या, म्हणजे हलक्यात घ्या, पण थोडंच.)

वऱ्हाडी ठेचा | सकाळी ८:०२

@मुठाकाठचा, भाऊ, मुख्यमंत्री आमचा होता हे खरं हाय. पन फाईल कोनाच्या टेबलावर पडून रायली थे बी पाहा ना. खुर्चीवर मानूस आमचा, अन् खुर्चीच्या चारी पायांले धरून बसेल मानसं कोनाची?

थोडं सीरियस. माझं गाव चंद्रपूरजवळ. तिथलं वीज केंद्र २९२० मेगावॅटचं. उन्हाळ्यात आई गच्चीवर कुरड्या वाळत घालायची आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने एकेक पुसून डब्यात भरायची, कारण वरून राख पडायची. पाहुणा आला की विचारायचा, या काळ्या काहून दिसतात? आता कंदील पेटवून बारावीचा अभ्यास केलेल्या माणसाने, तोही त्या चिमणीच्या सावलीत, पुण्यातल्या मॉलची रोषणाई पाहिली तर त्याला काय वाटेल? बहाना म्हना, काही बी म्हना.

जुना कारकून | सकाळी ११:३०

पूसकाठी यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. नियोजनाच्या कागदांत २६ वर्षं काढली आहेत, त्यामुळे लांबण लागेल.

विदर्भ-मराठवाडा महाराष्ट्रात यावेत म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात शब्द दिला होता की खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, मराठवाड्याकडे विशेष लक्ष देऊ, आणि वर्षातून एकदा सरकार नागपूरला येईल. यातलं तिसरं कलम पाळायला सोपं. एरवी अधिवेशन होतं, मोर्चे अडवले जातात, हुरडा होतो, संत्र्यांच्या पेट्या गाडीत चढतात.

१९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, पुढच्या वर्षी अहवाल आला. पद्धत सरळ होती. सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने, पंपांना वीज असं एकेक क्षेत्र घ्यायचं, राज्याची सरासरी काढायची, आणि जो जिल्हा सरासरीच्या जितका खाली असेल त्याला वर आणायचा खर्च म्हणजे अनुशेष. एकूण आकडा निघाला साधारण ३१८६ कोटी. त्यात विदर्भ ३९ टक्के, मराठवाडा २४ च्या किंचित आत, आणि उरलेले ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचे. हा तिसरा आकडा विदर्भात कुणी सांगत नाही आणि पहिला पुण्यात कुणी सांगत नाही.

तर अनुशेष बहाणा नाही, मोजलेली गोष्ट आहे. घोळ पुढे झाला. सरासरी ही काही एका जागी बसणारी वस्तू नव्हे. तुम्ही १९८२ ची सरासरी गाठेपर्यंत पुढारलेले जिल्हे आणखी पुढे जातात आणि नवा अनुशेष तयार. दुसरं, पैसे दिले म्हणजे अनुशेष भरला असं कागदावर धरलं जातं, पाणी शेतात पोचलं की नाही हा वेगळा तक्ता. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची, मूळ अंदाज ३७२ कोटींचा. आज तो किती हजार कोटींवर गेला ते भंडाऱ्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तोंडपाठ असतं.

१९९४ मध्ये घटनेच्या ३७१(२) खाली तीन विकास मंडळं आली, निधीच्या वाटपावर राज्यपालांची नजर आली. २०२० च्या एप्रिलमध्ये मंडळांची मुदत संपली. मधल्या काळात याच असमतोलावर केळकर समितीही होऊन गेली. अहवाल २०१३ चा, सभागृहात आला २०१४ च्या शेवटी.

एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो, जिल्हा सांगत नाही. विश्रामगृहाच्या आवारात सिमेंटचे पाइप रचलेले होते. निधी ३१ मार्चला परत जाऊ नये म्हणून ३० तारखेला घेतलेले. योजनेला मंजुरी नव्हती, पाइप होते. चार वर्षांनी पुन्हा त्याच विश्रामगृहात उतरलो. पाइपांवर दोडक्याचा वेल चढला होता. खानसाम्याने त्याचीच भाजी वाढली, चांगली होती.

भातुकली | सकाळी ११:४१

दोडक्याची भाजी __/\__

अक्कलकुवा एक्सप्रेस | दुपारी १:१०

कारकूनकाका, छान लिहिलंत. पण तो शब्द पाहिलात का? "उर्वरित महाराष्ट्र". म्हणजे विदर्भ आणि मराठवाडा काढून घेतल्यावर ताटात जे उरलं ते.

मी नंदुरबारचा. २०१२ च्या मानव विकास अहवालात राज्यात शेवटचा जिल्हा आमचा. विदर्भातला नाही, मराठवाड्यातला नाही, आमचा. आणि आम्ही कुणाबरोबर एका गठ्ठ्यात? पुण्याबरोबर, मुंबईबरोबर. धडगावचा माणूस आणि कोथरूडचा माणूस यांची सरासरी काढली की दोघंही खाऊनपिऊन सुखी निघतात. नर्मदेच्या काठच्या आमच्या काही पाड्यांवर ॲम्ब्युलन्स येते ती पाण्यातून, बोटीची. तुमची भांडणं दोन नावाजलेल्या मागासांची आहेत. आमच्या मागासपणाला नावसुद्धा नाही.

चाकरमानी | दुपारी १:२५

तेच म्हणतो. आम्ही कोकणातलेही त्याच "उर्वरित"मध्ये. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर, आणि मुंबई-गोवा रस्त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. गणपतीची गाडी खिडकी उघडल्यापासून किती मिनिटांत भरते ते माहीत असेलच. राजधानी जवळ असून काय फरक पडतो? कोकणाने मुंबईला शंभर-दीडशे वर्षं माणसं पुरवली, बदल्यात मनीऑर्डरी आल्या आणि बंद घरं आली.

४२०० ला बर्थ मिळत्येय ना? घेऊन टाका. आम्ही पनवेलपर्यंत उभे असतो.

रंकाळ्यावरची भेळ | दुपारी ३:००

पुणे म्हणजे पश्चिम महाराष्ट्र न्हवं, हे आधी डोक्यात घ्या राव. जत, आटपाडी कुठं येतंय? जतच्या पूर्वेकडची गावं पाण्यापायी कर्नाटकात जाऊ म्हणत होती.

आणि कोर्टाचं बघा. नागपूरला १९३६ पासून हायकोर्ट, औरंगाबादला ऐंशीच्या दशकापासून खंडपीठ. आमचं कोल्हापूरचं सर्किट बेंच २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. तोवर शिरोळचा शेतकरी भावकीच्या बांधाच्या खटल्यासाठी रात्रभर प्रवास करून मुंबईला जायचा, वकील म्हणायचा तारीख पडली, की वडापाव खाऊन परत. आमचे वडील अकरा वर्षं गेले. बांध आहे तिथंच आहे.

मांजराकाठ | दुपारी ४:४०

सगळे रस्ते-पाणी-कोर्ट बोलताय. मी वेगळं सांगते.

लातूरहून पुण्याला इंजिनिअरिंगला आले. मार्क रूममेट्सपेक्षा जास्त, लातूर पॅटर्नचा माज वेगळाच. पहिल्याच आठवड्यात एकीला सहज विचारलं, "काय करलालीस?" ती हसली, मग तिने दुसरीला बोलावलं आणि म्हणाली, परत म्हण ना. मी परत म्हटलं, मला वाटलं कौतुक आहे. तिसऱ्या दिवशी अख्ख्या मजल्यावर मला "करलालीस" म्हणत होते. पुढची दीड वर्षं मी वर्गात इंग्रजीच बोलले. येत नव्हतं तरी. चुकलेलं इंग्रजी चालायचं, बरोबर असलेली मराठी चालत नव्हती.

२०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली तेव्हा मी नोकरीत होते. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, टीव्हीवर दिवसभर तेच. ऑफिसात एकाने विचारलं, तुमच्याकडे लोक आंघोळ करतात का गं? वाईट माणूस नव्हता. खरंच विचारत होता. घरी तेव्हा आई भांडी राखेने घासून फडक्याने पुसत होती आणि मला फोनवर सांगत होती की सगळं ठीक आहे.

अनुशेषाच्या तक्त्यात याचा रकाना असेल तर सांगा, कारकूनकाका.

जुना कारकून | संध्याकाळी ५:०५

नाही, ताई. तो रकाना नव्हता.

मुठाकाठचा | संध्याकाळी ५:३०

@मांजराकाठ, हे वाचून ओशाळलो. आमच्या घरी "पानी" म्हणणाऱ्याला आजी दुरुस्त करायची, आम्ही त्याला संस्कार समजायचो. पण बाकीच्या मुद्द्यांवर ठाम आहे. खुर्चीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, ठेचा साहेबांनी फक्त पाय मोजले.

कोयता | रात्री ९:२०

तुम्हाला दिवाळीला घरी जायचं तिकीट मिळत नाही म्हणता. आमची दिवाळी कधी घरी झालीच नाही.

बीड जिल्हा, बालाघाटावरचं गाव. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा. आई-बाप मिळून एक कोयता, म्हणजे हिशोबात दोन माणसं नाहीत, एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती पावसाळ्यात संपलेली. ट्रॉलीत भांडी, बाजरीचं पोतं, शेळी, वर आम्ही पोरं. भाडं फुकट. पूसकाठी, तुमचे ४२०० वाचून मला तेच आठवलं. आमच्या गावाहून पश्चिमेकडे जायला कधी पैसे पडले नाहीत.

फडाशेजारी कोप्या घालायच्या. आठ वर्षांचा होतो तेव्हाची दिवाळी. रात्री टोळीला गाडी भरायला उठवलं, आई जाताना म्हणाली बारकीला उठू देऊ नको, आणि चिमणी विझव, पाचट पेट घेतं. मी चिमणी विझवून अंधारात बसलो. लांब कारखान्याच्या कॉलनीत फटाके वाजत होते. बारकी उठली, तिला सांगितलं आपल्यासाठीच लावलेत. त्या वर्षी शाळा बुडाली ती बुडाली. पुढच्या वर्षी आजीने गावाकडेच ठेवून घेतलं म्हणून मी आज शिक्षक आहे.

तर माझं म्हणणं इतकंच, की पश्चिमेकडचा भाग पुढे गेला आणि आम्ही मागे राहिलो असं दोन वेगवेगळं घडलेलं नाही. त्या भागातली साखर आमच्या गावच्या माणसांनी तोडलेल्या उसाची आहे. आमच्या शिवारात पाणी असतं तर तो ऊस कुणी तोडला असता?

वऱ्हाडी ठेचा | रात्री ९:४४

_/\_ आता काय बोलाव.

प्राणहिता | बुधवार, सकाळी १०:१०

सगळ्यांचं वाचलं. मी सिरोंच्याची. आमच्याकडे नागपूरलाच "तिकडे पुण्या-मुंबईकडे" म्हणतात, अगदी शब्दशः.

जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली, दोनशे किमीच्या वर. अख्ख्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच, वडसा, तेही पार दुसऱ्या टोकाला. बाळंतपण अडलं तर आम्ही गडचिरोलीला जात नाही, गोदावरी ओलांडून तेलंगणात जातो. २०१६ मध्ये कालेश्वरमचा पूल झाला, त्याआधी नाव होती. माझा धाकटा भाऊ नावेत जन्मता जन्मता राहिला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि नागपूरच्या हॉस्टेलवर मुली विचारायच्या, तू महाराष्ट्रातलीच ना गं?

पलीकडे मेडिगड्डाचा बॅरेज झाला. पाणी त्यांचं, फुगवटा आमच्या शेतात.

वेगळा विदर्भ झाला तर राजधानी नागपूर. मग आम्ही कुणाकडे अनुशेष मागायचा? @वऱ्हाडी ठेचा, त्या खुर्चीच्या पायांना तेव्हा तुमची माणसं असतील.

वऱ्हाडी ठेचा | सकाळी १०:३२

मान्य बाई. ठेचा आज मलेच लागला.

लाइपझिगकर | दुपारी २:४५

अवांतर आहे, पण राहवत नाही. सात वर्षं पूर्व जर्मनीत राहतो. एकीकरणानंतर इथे १९९१ पासून एकजुटीचा अधिभार लावला, आयकरावरचा कर. २०२१ मध्ये बहुतेकांचा माफ झाला. त्या काळात पूर्वेकडे ओतलेल्या पैशातून रस्ते झाले, स्टेशनं झाली. माझ्या घराजवळचा रस्ता पश्चिमेतल्या कित्येक शहरांपेक्षा गुळगुळीत आहे. आणि त्याच गुळगुळीत रस्त्यांवरून तरुण पोरं पश्चिमेकडे गेली, त्यातही मुली जास्त. शेजारच्या आजींची तिन्ही मुलं म्युनिककडे. त्याही म्हणतात, ख्रिसमसला घराला कुलूप लावू का.

समृद्धी महामार्ग ७०१ किमी पूर्ण झाला तेव्हा नागपूरकर मित्राला अभिनंदनाचा फोन केला होता. तो म्हणाला, आता पोराला मुंबईला सोडायला सोपं.

भातुकली | दुपारी ३:००

मंडळी, धागा जर्मनीला पोचला, पूसकाठी अजून वाकडलाच उभे आहेत. कुणीतरी त्यांना पुसदला पाठवा रे.

लाल डबा | दुपारी ३:३५

पाठवतो.

१) २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे खासगी बसवाल्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तक्रार परिवहन खात्याकडे करता येते. करा, पण दिवाळीनंतर त्याचं काय होतं याची वाट पाहत बसू नका.

२) पुणे–नांदेड रेल्वे पकडा. आरएसी मिळालं तरी घ्या. नांदेडहून पुसदला एसटी आहेत. बॅगा कमी, पाण्याच्या बाटल्या जास्त.

३) पोरांना सांगा ही ट्रिप आहे.

पूसकाठी | बुधवार, रात्री १०:५०

लाल डबा, आभार. आरएसी १४, १५, १६, १७ मिळालं. चौघांत दोन बर्थ, म्हणजे बायकोचं बोलणं चार तास जास्त.

बाकी सगळं दोनदा वाचलं. कोयता सरांचं बायकोला मोठ्याने वाचून दाखवत होतो, मध्येच थांबलो. मुठाकाठचा, खुर्चीचं उत्तर माझ्याकडेही नाही. आमच्याकडे अजूनही कुणी नाईकांबद्दल वाईट बोललं तर म्हातारे रागावतात, आणि रेल्वेचा विषय काढला तरी रागावतात.

पूसकाठी | पाडवा, सकाळी ९:३०

पोचलो होतो हे कळवायचं राहून गेलं. नांदेड स्टँडवर दोन तास बसलो, धाकटीने एसटीत ओकारी काढली, आईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला.

परतीचं तिकीट आज पाहिलं. ४६००.

काल संध्याकाळी शेजारच्यांचा मुलगा फराळाचं ताट घेऊन आला. बारावी झालाय, मार्क चांगले. ताट ठेवून उभाच राहिला. आईने बस म्हटलं तरी बसेना. मग हळूच म्हणाला, "काका, पुन्यात खोली कितीले भेटते?"

मुठाकाठचा | सकाळी ९:५२

आमच्या वरच्या मजल्यावर एक खोली नोव्हेंबरअखेर रिकामी होत्येय. संडास-बाथरूम वेगळं, पाणी सकाळी दोन तास. मुलाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वऱ्हाडी ठेचा | सकाळी ९:५५

भाडं सांगा पहिले.